ठेवीच्या तारणावर मिळणारे क्रेडिट कार्ड : मर्यादा आणि ठेव यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ज्यांच्या नावावर पूर्वी कर्ज किंवा कार्ड कधीच नव्हते, किंवा ज्यांची पत काही कारणाने बिघडली आहे, त्यांना बँका सहसा ठेवीच्या तारणावर कार्ड देऊ करतात. या कार्डाविषयी जे गैरसमज आढळतात, त्यांतील बहुतेक ‘मी पैसे आधीच भरले आहेत’ या एका समजुतीतून जन्मतात. म्हणून पुढील उत्तरांत ठेव कशासाठी असते आणि कशासाठी नसते, हा मुद्दा पुन्हा पुन्हा येईल. उदाहरणांतील रकमा कोणत्याही चलनात वाचल्या तरी गणित तेच राहते. जेथे एखादा नियम विशिष्ट देशाचा आहे, तेथे त्या देशाचे नाव दिले आहे.

तारणी क्रेडिट कार्ड म्हणजे नेमके काय?

कार्ड देणाऱ्या संस्थेकडे ग्राहकाने आधी काही रक्कम ठेव म्हणून ठेवायची आणि त्या ठेवीच्या आधारावर संस्थेने त्याला उधारीची मर्यादा द्यायची, अशी ही व्यवस्था आहे. खरेदी, मासिक विवरणपत्र, देय दिनांक, थकबाकीवरील व्याज, विलंब शुल्क, पत माहिती संस्थांकडे (लोकांच्या कर्जफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या संस्थांकडे) जाणारी नोंद या सर्व बाबतींत हे कार्ड इतर क्रेडिट कार्डांसारखेच असते. फरक एवढाच की ग्राहकाने पैसे बुडवले तर बँकेला वसुलीसाठी त्याच्या मागे धावावे लागत नाही; तिच्या हातात ठेव असते. याच कारणामुळे उत्पन्नाचा पुरावा किंवा जुना पत-इतिहास नसतानाही असे कार्ड मिळण्याची शक्यता बरीच असते.

ठेव किती असेल तर मर्यादा किती मिळते?

यासाठी जगभर लागू होणारे एकच सूत्र नाही, परंतु ढोबळमानाने तीन पद्धती दिसतात.

पहिल्या पद्धतीत जेवढी ठेव तेवढीच मर्यादा असते. अमेरिकेतील बहुतेक तारणी कार्डे अशीच चालतात. तेथे २०० किंवा ३०० डॉलरपासून ठेव स्वीकारली जाते आणि तेवढीच मर्यादा मिळते. दुसऱ्या पद्धतीत मर्यादा ठेवीच्या काही टक्के असते. भारतात कार्ड मुदत ठेवीवर दिले जाते आणि मर्यादा साधारणपणे ठेवीच्या ७५ ते १०० टक्क्यांच्या दरम्यान ठरते. म्हणजे २५,००० ची ठेव आणि ८० टक्क्यांचे प्रमाण असेल तर मर्यादा २०,००० होते. उरलेले ५,००० बँक वाया घालवत नाही. थकबाकी वाढत जाते तेव्हा तिच्यावर व्याज, शुल्क आणि करही चढतात, आणि मुद्दल फिटूनही ते अंगावर राहू नयेत म्हणून हे अंतर राखलेले असते. तिसरी पद्धत अंशतः तारणाची आहे. तीत बँक अर्जदाराची पत पाहून ठेवीपेक्षा थोडी अधिक मर्यादा देते. त्या वरच्या भागाला तारण नसते आणि तो बँकेने स्वतःच्या जोखमीवर दिलेला असतो.

अर्ज करण्यापूर्वी हे प्रमाण विचारून घ्यावे. ‘ठेवीवर कार्ड’ एवढेच ऐकून सही करणाऱ्या ग्राहकाला आपली मर्यादा ठेवीपेक्षा कमी का, हा प्रश्न कार्ड हातात पडल्यावर पडतो, आणि तोपर्यंत ठेव अडकलेली असते.

खर्च ठेवीतूनच वजा होत असेल ना? मग दरमहा बिल कशासाठी येते?

खर्च ठेवीतून वजा होत नाही. या कार्डाबद्दल एकच गोष्ट ध्यानात ठेवायची असेल तर ती हीच ठेवावी, कारण याच एका समजुतीमुळे अनेक प्रामाणिक माणसांची पत खराब होते.

कार्डाने खरेदी केली की दुकानदाराला बँक आपले पैसे देते, आणि तेवढी रक्कम ग्राहकाच्या नावावर उधार म्हणून चढते. ठेव त्या वेळी जागची हलत नाही. दरमहा ठरलेल्या तारखेला विवरणपत्र येते आणि ग्राहकाने आपल्या बचत खात्यातून किंवा इतर मार्गाने ती उधारी फेडायची असते. ठेव ही जामीन राहिलेल्या माणसासारखी आहे. कर्जदार हप्ते भरत असेपर्यंत जामीनदाराला कोणी हाक मारत नाही. कर्जदाराने हात वर केले तरच त्याच्याकडे बोट दाखवले जाते.

समजा, ठेव २०,००० आहे, मर्यादाही २०,००० आहे आणि ग्राहकाने ४,००० खर्च केले. बँकेकडे पाचपट रक्कम पडून आहे, तेव्हा बिल न भरले तरी बिघडत नाही, असे त्याला वाटू शकते. प्रत्यक्षात देय दिनांक उलटला की विलंब शुल्क आणि व्याज लागू होते आणि उशीर पुढे रेंगाळला तर तो पत अहवालात, म्हणजे पत माहिती संस्थेकडील आपल्या नोंदींत, जातो. ठेव पाचपट असो वा पन्नासपट, चुकलेला देय दिनांक चुकलेलाच धरला जातो.

मग हे डेबिट किंवा प्रीपेड कार्डापेक्षा वेगळे कसे?

डेबिट कार्ड वापरताना स्वतःच्या खात्यातील पैसे त्याच क्षणी जातात. प्रीपेड कार्डात आधी भरलेली रक्कम खर्चागणिक कमी होत जाते. दोन्हींत उधारी नसते, म्हणून त्यांच्या वापराची नोंद सहसा पत अहवालात होत नाही. तारणी कार्डावर उधारी घेतली जाते आणि फेडली जाते, आणि पत तयार होते ती या फेडीच्या नोंदीतून.

ठेवीचे पैसे कोठे असतात? त्यांवर व्याज मिळते का?

ते देशानुसार आणि बँकेनुसार बदलते. भारतात ही ठेव ग्राहकाच्याच नावावरील मुदत ठेव असते. बँक तिच्यावर आपला बोजा नोंदवते, ज्याला बँकेच्या व्यवहारात ‘लियन लावणे’ म्हणतात, आणि ठेवीवर ठरलेल्या दराने व्याज मिळत राहते. ते व्याज ग्राहकाचे उत्पन्न असल्याने त्यावरील करआकारणी इतर मुदत ठेवींसारखीच होते. अमेरिकेत अनेक कार्डांची ठेव स्वतंत्र खात्यात राखली जाते आणि तिच्यावर व्याज मिळतेच असे नाही. काही बँका मात्र बचत खात्यात किंवा ठेव प्रमाणपत्रात (मुदत ठेवीसारख्या ठेवीत) ती ठेवून व्याज देतात.

ठेवीवर व्याज मिळते म्हणून कार्डावरील थकबाकी परवडते, असा हिशेब कोणी करू नये. २०,००० च्या ठेवीवर वर्षाला ६.५ टक्के दराने १,३०० मिळतील. तेवढ्याच थकबाकीवर दरमहा ३ टक्के व्याज लागत असेल, तर वर्षाला ७,२०० द्यावे लागतील, आणि न भरलेल्या व्याजाची भर मुद्दलात पडू दिली तर त्याहूनही अधिक. एका हाताने मिळालेले दुसऱ्या हाताने पाचपट निघून जाते.

बँकच अडचणीत आली तर ठेवीचे काय?

ठेव विमाकृत बँकेत असेल तर तिला ठेव विम्याचे संरक्षण असते. भारतात फेब्रुवारी २०२० पासून प्रत्येक बँकेत प्रत्येक ठेवीदाराला मुद्दल आणि व्याज मिळून ५ लाख रुपयांपर्यंत विमा आहे. अमेरिकेत ही मर्यादा प्रत्येक विमाकृत बँकेत, मालकीच्या प्रत्येक प्रकारासाठी, प्रत्येक ठेवीदाराला २,५०,००० डॉलर आहे. या मर्यादांत त्या बँकेतील आपल्या इतर ठेवीही मोजल्या जातात. कार्ड एखाद्या बिगर-बँक कंपनीच्या नावाने दिले जात असेल, तर ठेव प्रत्यक्षात कोणत्या बँकेत आणि कोणाच्या नावावर राहणार, हे करारात शोधून वाचावे.

मर्यादेचा किती भाग वापरणे योग्य?

पूर्ण मर्यादा वापरण्याचा ग्राहकाला अधिकार आहे, पण तसे करणे त्याच्या हिताचे क्वचितच असते. पत-गुणांक (क्रेडिट स्कोअर) काढताना मर्यादेच्या तुलनेत थकबाकी किती आहे, हे पाहिले जाते. अमेरिकेत प्रचलित असलेल्या फिको या पत-गुणांकात वेळेवर परतफेडीला सुमारे ३५ टक्के आणि देणे असलेल्या रकमांना सुमारे ३० टक्के वजन आहे; खात्यांचे वय १५ टक्के, तर नवे कर्ज आणि कर्जांचे प्रकार यांना प्रत्येकी १० टक्के. भारतातील पत माहिती संस्थाही मर्यादेचा वापर विचारात घेतात. वापर ३० टक्क्यांच्या आत ठेवावा, असा सल्ला सर्वत्र दिला जातो. ३० ही काही लक्ष्मणरेषा नाही. २९ वर सर्व काही उत्तम आणि ३१ वर घसरण, असे घडत नाही. वापर जेवढा कमी तेवढे बरे, आणि मर्यादेला टेकलेला वापर वाईट, एवढाच त्याचा अर्थ आहे.

तारणी कार्डाची अडचण अशी की मर्यादा मुळातच लहान असते. २०,००० च्या मर्यादेत ३० टक्के म्हणजे ६,०००, आणि ५,००० च्या मर्यादेत तर केवळ १,५००. एक साधी खरेदी हे प्रमाण ओलांडून जाते. त्यावर एक उपाय आहे, आणि तो फारच थोडे लोक वापरतात. अमेरिकेत बहुतेक बँका पत माहिती संस्थेला विवरणपत्राच्या तारखेच्या आसपासची थकबाकी कळवतात. देय दिनांक त्यानंतर बऱ्याच दिवसांनी येतो. म्हणून मोठा खर्च झाला असेल तर विवरणपत्र तयार होण्यापूर्वीच त्यातील बरीचशी रक्कम भरून टाकावी. २०,००० च्या मर्यादेत १५,००० खर्च झाले आणि विवरणपत्राआधी १२,००० भरले, तर विवरणपत्रावर ३,००० दिसतात; नोंदीत वापर ७५ टक्क्यांऐवजी १५ टक्के लागतो. उरलेले ३,००० देय दिनांकापूर्वी भरले की व्याजाचाही प्रश्न येत नाही, अर्थात मागील थकबाकी शिल्लक नसेल तर.

काही जण याच्या उलट टोकाला जातात आणि कार्ड कपाटात ठेवून देतात. परतफेडीची नोंद उधारीशिवाय होत नाही, म्हणून एखादे लहान, ठरलेले मासिक देयक या कार्डावर ठेवून ते दरमहा पूर्ण फेडणे, हा मला सर्वांत शहाणपणाचा वापर वाटतो.

मोठी ठेव ठेवली तर पत लवकर सुधारते का?

ठेवीची रक्कम गुणांकाच्या गणितात थेट धरली जात नाही. मोठ्या ठेवीमुळे मर्यादा वाढते आणि त्याच खर्चाला वापराचे प्रमाण कमी होते, एवढाच तिचा अप्रत्यक्ष लाभ. पत घडायला वेळ लागतो, आणि तो पैसे टाकून विकत घेता येत नाही. फिको गुणांक तयार होण्यासाठीही किमान एक खाते सहा महिने जुने असावे लागते. म्हणून अडीअडचणीला लागणारी शिल्लक ठेवीत अडकवण्यापेक्षा, ज्या रकमेवाचून वर्षभर सहज चालेल तेवढीच ठेवावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

मर्यादा शिल्लक असतानाही व्यवहार का नाकारला जातो?

एकूण मर्यादा आणि उपलब्ध मर्यादा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. न फेडलेली खरेदी, चढलेले शुल्क आणि व्याज यांखेरीज, ज्या व्यवहारांना मंजुरी मिळाली आहे पण अंतिम हिशेब झालेला नाही, ते सर्व उपलब्ध मर्यादेतून वजा झालेले असतात. हॉटेल किंवा भाड्याची मोटार आरक्षित करताना अंदाजे बिलाहून अधिक रक्कम काही दिवस रोखून ठेवली जाते. लहान मर्यादेच्या कार्डाला हा फटका विशेष बसतो, कारण अशा एकाच व्यवहाराने कार्ड भरून जाते. परतफेड केल्यावरही ती रक्कम खात्यात प्रत्यक्ष जमा होईपर्यंत मर्यादा मोकळी न होण्याची शक्यता असते. रोख रक्कम काढण्यासाठी तर एकूण मर्यादेच्या आत आणखी एक लहान उपमर्यादा असते. अशा रकमेवर बहुधा पहिल्या दिवसापासून व्याज लागते आणि वर शुल्कही द्यावे लागते, म्हणून ती सोय नसल्यासारखीच मानावी.

मर्यादेबाहेर खर्च झाला तर?

बहुतेक वेळा व्यवहार नाकारला जातो. भारतात २०२२ पासून रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार मर्यादेबाहेरील वापराची सोय देण्यापूर्वी कार्डधारकाची स्पष्ट संमती घ्यावी लागते. अमेरिकेतही २००९ च्या क्रेडिट कार्डविषयक कायद्यापासून ग्राहकाने तशी निवड केलेली नसेल तर मर्यादा ओलांडल्याचे शुल्क लावता येत नाही. ही संमती न दिलेलीच बरी.

दरमहा किमान देय रक्कम भरली तर पुरते ना?

विलंब टळतो आणि नोंद ‘वेळेवर’ अशी होते, एवढ्यापुरते पुरते. उरलेल्या रकमेवर व्याज चालू राहते, आणि मागील बाकी असेपर्यंत नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत सहसा मिळत नाही. समजा, २०,००० थकले आहेत, दरमहा ३ टक्के व्याज आहे आणि किमान रक्कम १,००० आहे. पहिल्या महिन्यात व्याजच ६०० होते. भरलेल्या १,००० पैकी मुद्दलात ४०० च जातात. शिवाय मर्यादा जवळजवळ पूर्ण वापरलेली दिसत राहते. पत सुधारण्यासाठी घेतलेले कार्ड अशाने महिनोन्महिने जास्त वापराची नोंद करत राहते. ज्या महिन्यात खरोखर ओढाताण असेल त्या महिन्यापुरता हा मार्ग आहे, आणि तो देय दिनांक पूर्ण चुकवण्यापेक्षा नक्कीच चांगला आहे.

बिल भरलेच नाही तर बँक ठेव केव्हा वळती करून घेते?

लगेच नाही. प्रथम विलंब शुल्क आणि व्याज लागते, मग स्मरणपत्रे येतात, कार्डाचा वापर थांबवला जातो आणि करारात ठरलेली मुदत उलटली की सूचना देऊन ठेवीतून थकबाकी वळती केली जाते. ही मुदत प्रत्येक करारात वेगळी असते, म्हणून तिच्यासाठी आपला करारच पाहावा. अमेरिकेत हप्ता साधारण ३० दिवस उशिरा झाला की पत अहवालात नोंद होऊ शकते, आणि १८० दिवस थकलेले कार्ड खाते बँकेला बुडीत म्हणून लिहून टाकावे लागते. भारतात देय दिनांकानंतर तीन दिवसांहून अधिक उशीर झाला तरच विलंब शुल्क लावता येते आणि ते खाते थकीत म्हणून कळवता येते. कार्डधारकाला थकबाकीदार म्हणून कळवण्यापूर्वी बँकेने सात दिवसांची सूचना देणेही बंधनकारक केलेले आहे.

या क्रमाकडे नीट पाहिले तर एक गोष्ट उघड होते. बँक ठेवीला हात लावते तेव्हा ग्राहकाच्या पतीचे नुकसान होऊन गेलेले असते. ‘नाही जमले तर ठेवीतून घेतील’ असे म्हणणारा ग्राहक पैसे तर गमावतोच, पण ज्यासाठी हे कार्ड घेतले तेही गमावून बसतो.

ठेव वळती केल्यावर देणे संपते का?

ठेवीने सर्व थकबाकी, व्याज आणि शुल्क भागले तर खाते बंद होते आणि उरलेली रक्कम परत मिळते. भागले नाही, तर उरलेले देणे ग्राहकावर राहते आणि बँक त्याची मागणी करू शकते. ठेव गेली म्हणून अहवालातील जुन्या उशिराच्या नोंदी पुसल्या जात नाहीत. अमेरिकेत अशा प्रतिकूल नोंदी साधारण सात वर्षे राहतात. भरणे शक्यच नसेल, तर हप्ता चुकण्यापूर्वी बँकेला लेखी कळवून, ठेव मोडून थकबाकी फेडावी आणि कार्ड बंद करावे, अशी विनंती करावी. पैसे तेच जातात, पण आपणहून आणि वेळेत गेले तर नोंद स्वच्छ राहते.

मर्यादा कशी वाढवता येते?

ठेवीत भर घालून वाढवता येते, किंवा काही महिन्यांच्या नियमित परतफेडीनंतर बँक अधिक ठेव न मागता ती वाढवू शकते. दुसऱ्या प्रकारात वाढलेली मर्यादा विनातारण असते. काही बँका ठेवीत भर घालण्याऐवजी नवी ठेव आणि नवा अर्ज मागतात, म्हणून आधी विचारावे. भारतात कार्डधारकाच्या स्पष्ट संमतीवाचून मर्यादा वाढवता येत नाही. वाढीव मर्यादा म्हणजे वाढीव उत्पन्न नव्हे. खर्च तेवढाच ठेवला तर वापराचे प्रमाण आपोआप घटते, आणि तिचा खरा उपयोग तोच आहे.

ठेव परत केव्हा आणि कशी मिळते?

परतीच्या दोन वाटा आहेत. पहिली, काही काळाच्या चोख परतफेडीनंतर बँक तेच खाते विनातारण कार्डात बदलते आणि ठेव मोकळी करते. ही वाट अधिक चांगली, कारण खात्याचे वय तुटत नाही. सर्वच बँका ती देत नाहीत आणि देतात त्याही ग्राहकाच्या इतर नोंदी पाहून ठरवतात. म्हणून कार्ड निवडतानाच ‘पुढे हे विनातारण होऊ शकते का, आणि कोणत्या अटीवर’ हे विचारून घ्यावे. माझ्या मते ठेवीवरील व्याजदराइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, हा प्रश्न मोलाचा आहे.

दुसरी वाट खाते बंद करण्याची. सर्व देणे फेडावे, चालू असलेली आपोआप वजावटीची देयके दुसरीकडे वळवावीत आणि मग लेखी विनंती करावी. बंद झाल्यानंतरही ठेव सुटायला थोडा काळ लागतो, कारण दुकानदारांकडून उशिरा येणारे व्यवहार बँकेला तपासायचे असतात. भारतात थकबाकी नसेल तर बंद करण्याची विनंती सात कामकाजी दिवसांत पूर्ण करावी लागते, आणि तसे न झाल्यास बँकेने उशिराच्या प्रत्येक दिवसाला ५०० रुपये दंड कार्डधारकाला देणे बंधनकारक असते. मात्र कार्ड बंद होणे आणि ठेवीवरील बोजा निघणे या दोन स्वतंत्र नोंदी आहेत. बोजा उठवल्याची लेखी खात्री मागून घ्यावी. कार्ड बंद होऊन बराच काळ लोटला तरी ठेवीवर लियन तसाच राहिल्याचे पैसे काढायला गेल्यावर कळणे, हा मनस्ताप एका पत्राने टाळता येतो.

मध्येच पैशांची गरज पडली तर ठेव मोडता येते का? आणि मुदत संपली तर?

बोजा असेपर्यंत ठेव मोडता येत नाही. आधी थकबाकी फेडून कार्ड बंद करावे लागते, आणि मुदतीपूर्वी मोडल्यास व्याजदरात कपात होऊ शकते. मुदत संपल्यावर अशा ठेवीचे बहुधा आपोआप नूतनीकरण होते, तेही त्या दिवशीच्या दराने; म्हणून परिपक्वतेची तारीख लिहून ठेवावी.

ठेव द्यायची तयारी असूनही अर्ज नाकारला जाऊ शकतो का?

होय. ओळख आणि पत्ता यांची कागदपत्रे अपुरी असणे, त्याच बँकेचे जुने देणे थकलेले असणे, दिवाळखोरीची कारवाई चालू असणे किंवा परतफेडीपुरतेही उत्पन्न न दिसणे, अशा कारणांनी नकार मिळतो. ठेव बँकेचे नुकसान भरून काढते. ग्राहक दरमहा भरू शकेल की नाही, याचे उत्तर तिच्यात नसते.

ठेवीसाठी उसने पैसे घ्यावेत का?

घेऊ नयेत. ठेव अडकलेली राहणार, उसनवारीवर व्याज द्यावे लागणार आणि त्याच वेळी कार्डाची परतफेडही करावी लागणार. थोडे महिने साठवून लहान ठेवीने सुरुवात केली तरी परतफेडीची नोंद तितकीच चांगली होते.

ठेवीखेरीज आणखी काय भरावे लागते?

ठेव परत मिळते, शुल्क मिळत नाही. म्हणून दोन्ही आकडे वेगवेगळे लिहून घ्यावेत. वार्षिक शुल्क, कार्ड देण्याचे शुल्क, विलंब शुल्क, रोख काढण्याचे शुल्क, परकीय चलनातील व्यवहारांवरील आकार, हे सर्व आधी पाहावे. अमेरिकेत पहिल्या वर्षी खात्यावर लावलेले शुल्क, विलंब शुल्कासारखे अपवाद वगळता, सुरुवातीच्या मर्यादेच्या २५ टक्क्यांहून अधिक असू शकत नाही. ठेवीच्या कार्डावर बँकेची जोखीम कमी असते, त्यामुळे मोठे वार्षिक शुल्क मागणाऱ्या कार्डाला सहसा नकारच द्यावा.

या कार्डाची नोंद पत माहिती संस्थांकडे नक्की होते का?

बहुधा होते, पण गृहीत धरू नये. अमेरिकेत इक्विफॅक्स, एक्स्पीरियन आणि ट्रान्सयुनियन या तीन प्रमुख संस्था आहेत आणि कार्ड या तिन्हींकडे कळवले जाते का, हे विचारायला हवे. भारतात ट्रान्सयुनियन सिबिल, इक्विफॅक्स, एक्स्पीरियन आणि सीआरआयएफ हाय मार्क अशा चार संस्था असून प्रत्येकीकडून वर्षातून एकदा पूर्ण पत अहवाल विनामूल्य मिळतो. कार्ड घेतल्यावर तीन-चार महिन्यांनी तो मागवावा आणि खाते, मर्यादा व परतफेडीच्या तारखा बरोबर आहेत का ते पाहावे. मर्यादा चुकीने कमी नोंदली गेली असेल तर वापराचे प्रमाण विनाकारण फुगलेले दिसते. अशी चूक लेखी तक्रारीने दुरुस्त करून घेता येते.

ठेव संयुक्त नावावर असेल, किंवा कार्डधारकाचा मृत्यू झाला तर?

बऱ्याच बँका ठेव आणि कार्ड एकाच व्यक्तीच्या नावे असावे असा आग्रह धरतात. संयुक्त ठेव चालत असेल तर बोजासाठी सर्व ठेवीदारांची सही लागते, आणि थकबाकी एकाची असली तरी वळती होणाऱ्या रकमेत दुसऱ्याचाही वाटा असतो, हे सही करणाऱ्याला आधी समजावून सांगावे. मृत्यूनंतर बँक आधी कार्डाची थकबाकी ठेवीतून वळती करून उरलेली रक्कम नामनिर्देशित व्यक्तीला किंवा वारसांना देते. त्यासाठी घरच्यांना ठेवीची पावती आणि कार्ड यांचा संबंध ठाऊक असला पाहिजे. म्हणून पावतीच्या प्रतीवरच ‘या ठेवीवर कार्ड घेतले आहे’ असे लिहून ती इतर कागदपत्रांसोबत ठेवावी, आणि ठेवीवर नामनिर्देशन केलेले नसेल तर ते कार्डाच्या अर्जाबरोबरच करून टाकावे.